स्विचिंग रूपांतरकातील निर्गम धारित्र

स्विचिंग रूपांतरकाच्या निर्गम टोकांवर, भाराला समांतर जोडलेल्या धारित्रास किंवा धारित्रांच्या समूहास निर्गम धारित्र असे म्हणतात. स्विचच्या उघडझापीमुळे तुकड्यातुकड्यांनी येणारी ऊर्जा साठवून ती भाराला अखंड पुरवणे, निर्गम दाबातील चढउतार मर्यादेत ठेवणे आणि भार अचानक बदलल्यास नियंत्रकाचा प्रतिसाद येईपर्यंत दाब सांभाळणे ही त्याची तीन मुख्य कामे होत. मोबाइलचा चार्जर, संगणकाचा मदरबोर्ड, एलईडी दिव्याचा ड्रायव्हर, मोटारगाडीतील इलेक्ट्रॉनिक यंत्रणा अशा जवळजवळ प्रत्येक आधुनिक वीजपुरवठ्यात असे धारित्र असते. बोलभाषेत धारित्राला कपॅसिटर किंवा, विशेषतः पंख्याच्या आणि मोटारीच्या दुरुस्तीत, कंडेन्सर म्हटले जाते.

या धारित्राची निवड केवळ धारकतेच्या आकड्यावरून करता येत नाही. एकाच धारकतेची दोन धारित्रे एकाच मंडलात बसवली, तर एकात पुरवठा स्थिर राहतो आणि दुसऱ्यात तो आंदोलित होतो, असे प्रत्यक्षात घडते. धारित्राचा अंतर्गत रोध, त्याचे प्रवर्तन, तापमान, लावलेला दाब आणि वय या सर्वांचा परिणाम निर्गम दाबावर होतो. वीजपुरवठा निकामी होण्याच्या कारणांत धारित्राचा बिघाड नेहमीच वरच्या स्थानी असतो. म्हणून ही निवड यंत्राचे आयुष्यही ठरवते.

कार्यतत्त्व

दाब कमी करणाऱ्या, म्हणजे बक प्रकारच्या रूपांतरकात स्विच, प्रवर्तक (इंडक्टर) आणि धारित्र हे तीन मुख्य घटक असतात. स्विच बंद असताना, म्हणजे मंडल पूर्ण असताना, प्रवर्तकातील प्रवाह सरळ रेषेत वाढतो; स्विच उघडल्यावर तो तसाच सरळ रेषेत कमी होतो. भाराला मात्र स्थिर प्रवाह हवा असतो. प्रवर्तकातील प्रवाह आणि भाराचा प्रवाह यांतील फरक धारित्रातून वाहतो. प्रवर्तकाचा प्रवाह जास्त असेल तेव्हा धारित्र भारित होते, कमी असेल तेव्हा ते प्रवाह परत देते.

या देवाणघेवाणीमुळे निर्गम दाबात जो छोटा, नियमित चढउतार उरतो त्याला रिपल म्हणतात. आदर्श धारित्र गृहीत धरल्यास बक रूपांतरकातील रिपलचे सूत्र सोपे आहे : प्रवर्तकातील प्रवाहाचा शिखर ते तळ बदल भागिले आठ गुणिले वारंवारता गुणिले धारकता. यातील ‘आठ’ हा आकडा त्रिकोणाच्या क्षेत्रफळातून येतो. धारित्र आवर्तकालाच्या निम्म्या भागात भारित होते, त्या काळातील प्रवाहाची कमाल उंची एकूण बदलाच्या निम्मी असते आणि त्रिकोणाचे क्षेत्रफळ पाया गुणिले उंचीच्या निम्मे असते. दोन, दोन आणि दोन यांचा गुणाकार आठ.

वारंवारता छेदात असल्यामुळे ती वाढवली की धारित्र लहान करता येते. भारतातील ५० हर्ट्झच्या वीजपुरवठ्यावर चालणाऱ्या जुन्या पद्धतीच्या पूर्ण-तरंग एकदिशकारकात रिपलची वारंवारता १०० हर्ट्झ असते आणि हजारो मायक्रोफॅरडची धारित्रे लागतात. ५०० किलोहर्ट्झवर चालणाऱ्या रूपांतरकात काही दशक मायक्रोफॅरड पुरतात. वीजपुरवठ्यांचा आकार गेल्या काही दशकांत कमी होत गेला त्यामागचे हे एक प्रमुख कारण आहे.

दाब वाढवणाऱ्या बूस्ट रूपांतरकात आणि विलगित फ्लायबॅक रूपांतरकात परिस्थिती अधिक कठीण असते. तेथे स्विच बंद असताना प्रवर्तकाचा निर्गमाशी संबंध तुटतो आणि त्या काळात भाराचा संपूर्ण प्रवाह एकट्या धारित्राला पुरवावा लागतो. साहजिकच धारित्रातून जाणारा प्रवाह सौम्य त्रिकोणी नसून मोठ्या, तीक्ष्ण स्पंदांचा असतो. ५ व्होल्टचे १२ व्होल्ट करणाऱ्या आणि १ अँपियर देणाऱ्या बूस्ट रूपांतरकात धारित्रातील प्रवाहाचे वर्गमाध्यमूळ मूल्य सुमारे १.१८ अँपियर, म्हणजे भाराच्या प्रवाहापेक्षाही जास्त असते. स्लोबोदान चुक यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या चुक रूपांतरकात (मराठीतील ‘चूक’ या शब्दाशी त्याचा संबंध नाही) निर्गमाच्या बाजूला प्रवर्तक असतो. त्यामुळे त्याच्या निर्गम धारित्रावरील ताण बक रूपांतरकाइतकाच हलका राहतो.

प्रत्यक्ष धारित्र

प्रत्यक्षातील धारित्र हे आदर्श धारित्र, एक छोटा रोध आणि एक छोटे प्रवर्तन यांच्या एकसर जोडणीसारखे वागते. यांतील रोधाला समतुल्य एकसर रोध किंवा इंग्रजी आद्याक्षरांवरून ईएसआर आणि प्रवर्तनाला ईएसएल म्हणतात. कमी वारंवारतेला धारकतेचे वर्चस्व असते, मधल्या पट्ट्यात रोधाचे आणि उच्च वारंवारतेला प्रवर्तनाचे. धारकता आणि प्रवर्तन यांचा परिणाम एकमेकांस छेदतो त्या वारंवारतेला धारित्राची स्वतःची अनुस्पंदन वारंवारता म्हणतात. २२ मायक्रोफॅरड आणि १ नॅनोहेन्री असलेल्या सिरॅमिक धारित्राची अनुस्पंदन वारंवारता सुमारे १.०७ मेगाहर्ट्झ येते. तिच्या वर ते धारित्र विद्युत् दृष्ट्या प्रवर्तकासारखे वागते आणि धारकता आणखी वाढवून तेथे काहीच साधत नाही.

रिपलचे तीन भाग पडतात. धारकतेमुळे येणारा भाग गोलाकार चढउताराचा, रोधामुळे येणारा भाग प्रवर्तकाच्या प्रवाहासारखाच त्रिकोणी आणि प्रवर्तनामुळे येणारा भाग स्विच बदलण्याच्या क्षणी दिसणाऱ्या उभ्या पायरीसारखा असतो. त्यांची शिखरे एकाच क्षणी येत नाहीत, म्हणून तिन्ही आकड्यांची सरळ बेरीज केल्यास अंदाज गरजेपेक्षा मोठा निघतो. तरीही आरंभीच्या हिशेबात अभियंते ती बेरीज करतात, कारण त्यातील चूक सुरक्षित बाजूची असते.

रिपल आणि भारबदल : एक उदाहरण

१२ व्होल्टपासून ३.३ व्होल्ट तयार करणारा, कमाल ५ अँपियर देणारा, ५०० किलोहर्ट्झवर चालणारा आणि ४.७ मायक्रोहेन्रीचा प्रवर्तक असलेला बक रूपांतरक घेतल्यास हिशेब पुढीलप्रमाणे होतो. प्रवर्तकातील प्रवाह प्रत्येक आवर्तनात सुमारे १.०२ अँपियरने वरखाली होतो. निर्गम दाबाच्या एक टक्का, म्हणजे ३३ मिलिव्होल्ट रिपल चालणार असेल, तर वरील सूत्रानुसार केवळ ८ मायक्रोफॅरड पुरेसे ठरतात.

याच धारित्राचा ईएसआर ३० मिलिओहम असेल, तर एकट्या रोधामुळे सुमारे ३० मिलिव्होल्ट रिपल निर्माण होतो आणि सगळी मुभा तेथेच संपते. ३ मिलिओहमच्या सिरॅमिक धारित्रात हाच भाग ३ मिलिव्होल्टवर येतो. १ नॅनोहेन्री ईएसएलमुळे दिसणारी पायरी सुमारे अडीच मिलिव्होल्टची असते. म्हणजेच विद्युत् विच्छेद्य धारित्रात रिपल रोध ठरवतो, तर सिरॅमिकमध्ये तो बहुतांशी धारकता ठरवते.

मात्र निवडीचा खरा निकष बहुधा रिपल नसतोच. तो भारातील अचानक बदल असतो. ५ अँपियर घेणारे यंत्र क्षणात बंद झाले, तर प्रवर्तकात साठलेली ऊर्जा जाण्यास धारित्राखेरीज दुसरी जागा उरत नाही. प्रवाहाच्या शिखरावर, म्हणजे सुमारे ५.५ अँपियरला, हा प्रसंग आला आणि दाबाची उसळी पाच टक्क्यांत, म्हणजे १६५ मिलिव्होल्टमध्ये, रोखायची असेल, तर ऊर्जेच्या समीकरणावरून सुमारे १२७ मायक्रोफॅरड लागतात. रिपलसाठी ८ आणि भारबदलासाठी १२७, हे अंतर पुष्कळ बोलके आहे. केवळ रिपलच्या सूत्रावर थांबणारा आराखडा प्रयोगशाळेत स्थिर भारावर निर्दोष दिसतो आणि प्रत्यक्ष प्रोसेसर जोडल्यावर कोसळतो.

भार घटणे हे भार वाढण्यापेक्षा अवघड का, याचे उत्तर प्रवर्तकावरील दाबात आहे. वरील उदाहरणात प्रवाह वाढवताना प्रवर्तकावर १२ वजा ३.३, म्हणजे ८.७ व्होल्ट उपलब्ध असतात आणि प्रवाह दर मायक्रोसेकंदाला १.८५ अँपियरने वाढू शकतो. कमी करताना केवळ ३.३ व्होल्ट मिळतात आणि हा वेग ०.७ अँपियरवर येतो. निर्गम दाब जितका कमी, तितकी ही विषमता अधिक. सुमारे १ व्होल्टवर शेकडो अँपियरपर्यंत प्रवाह घेणाऱ्या प्रोसेसरच्या पुरवठ्यात म्हणूनच अनेक कलांचे रूपांतरक आणि लहान प्रवर्तक वापरतात.

अशा पुरवठ्यांच्या रचनेत धारकतेऐवजी लक्ष्य संरोधाची भाषा रूढ आहे. प्रवाहात ५० अँपियरचा बदल होताना दाब ५० मिलिव्होल्टपेक्षा जास्त हलू नये अशी अट असेल, तर भाराच्या टोकांवरून दिसणारा संरोध १ मिलिओहमपेक्षा कमी ठेवावा लागतो आणि तोही शून्यापासून अनेक मेगाहर्ट्झपर्यंत. सर्वांत खालचा पट्टा नियंत्रक सांभाळतो, मधला मोठी धारित्रे, त्यावरचा सिरॅमिक धारित्रे आणि सर्वांत वरचा प्रोसेसरच्या आवरणातील व चकतीवरील धारित्रे.

धारित्रांचे प्रकार

ॲल्युमिनियम विद्युत् विच्छेद्य धारित्र

ॲल्युमिनियमच्या पातळ पत्र्यावर विद्युत् रासायनिक क्रियेने तयार केलेला ऑक्साइडचा थर हा यातील विद्युत् अपारक पदार्थ असून द्रव विद्युत् विच्छेद्य हा प्रत्यक्षात ऋणाग्राचे काम करतो. कारोल पोलाक यांनी १८९६ मध्ये अशा धारित्राचे पेटंट घेतले. कमी किमतीत मोठी धारकता हे याचे मुख्य आकर्षण आहे. उणी बाजू म्हणजे मोठा ईएसआर, थंडीत द्रव घट्ट झाल्याने तो अनेक पटींनी वाढणे आणि मर्यादित आयुष्य.

द्रव हळूहळू रबरी बुचातून बाष्परूपाने निघून जातो आणि धारित्र सुकते. तापमान १० अंश सेल्सिअसने कमी झाल्यास आयुष्य दुप्पट होते, हा यासाठीचा रूढ ठोकताळा आहे. १०५ अंशांवर २००० तास टिकणारे धारित्र ६५ अंशांवर चार वेळा दुप्पट, म्हणजे ३२,००० तास टिकेल. सलग चालणाऱ्या यंत्रात ही जेमतेम साडेतीन वर्षांची मुदत झाली. उन्हाळ्यात ४५ अंशांच्या वर जाणाऱ्या विदर्भासारख्या प्रदेशात उघड्यावरील बंद पेटीतले तापमान याहून बरेच चढते, तेव्हा २००० तासांचे आणि १०,००० तासांचे धारित्र यांतील किमतीचा फरक किरकोळ ठरतो.

धारित्र स्वतःही उष्णता निर्माण करते. वर दिलेल्या बूस्ट रूपांतरकातील १.१८ अँपियरचा प्रवाह ०.१ ओहम ईएसआरमधून गेल्यास सुमारे ०.१४ वॉट उष्णता धारित्राच्या पोटात तयार होते. द्रव कमी होताना ईएसआर वाढतो, ईएसआर वाढल्याने उष्णता वाढते आणि उष्णतेने द्रव अधिक वेगाने उडतो. हे दुष्टचक्र सुरू झाले की शेवट लवकर येतो. म्हणून माहितीपत्रकातील रिपल प्रवाहाची मर्यादा ही धारकतेइतकीच महत्त्वाची नोंद आहे. ही मर्यादा १२० हर्ट्झला दिली आहे की १०० किलोहर्ट्झला, हे पाहणे आवश्यक असते. त्या दोन आकड्यांत मोठी तफावत असू शकते.

एकविसाव्या शतकाच्या आरंभी संगणकांच्या मदरबोर्डांवरील आणि वीजपुरवठ्यांतील असंख्य धारित्रे मुदतीपूर्वी फुगून फुटली. ‘कपॅसिटर प्लेग’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या घटनेच्या मुळाशी पाण्याचे प्रमाण जास्त असलेला, पण योग्य स्थिरकारक द्रव्ये नसलेला विद्युत् विच्छेद्य होता. पाणी आणि ॲल्युमिनियम यांच्या अभिक्रियेतून हायड्रोजन वायू तयार होऊन डबीत दाब वाढत असे. धारित्राच्या माथ्यावर फुलीच्या किंवा इंग्रजी ‘के’ अक्षराच्या आकाराची खाच असते ती याच कारणासाठी : स्फोट होण्याऐवजी माथा त्या रेषेवर उकलावा. दुरुस्ती करणारे तंत्रज्ञ आजही बिघडलेला बोर्ड हाती आल्यावर सर्वप्रथम सपाट माथ्यांमध्ये एखादा फुगीर माथा शोधतात. मात्र माथा सपाट असूनही धारित्र आतून सुकलेले असू शकते, हे ईएसआर मोजल्याशिवाय कळत नाही.

सिरॅमिक धारित्र

बहुस्तरीय सिरॅमिक धारित्रात धातूचे आणि सिरॅमिकचे शेकडो अतिशय पातळ थर एकावर एक रचलेले असतात. ईएसआर काही मिलिओहम, ईएसएल सुमारे एक नॅनोहेन्री किंवा कमी आणि सुकण्यासाठी द्रव नाही, या गुणांमुळे काही अँपियरपर्यंतच्या रूपांतरकांत हाच प्रकार सर्वाधिक वापरला जातो.

मोठ्या धारकतेच्या सिरॅमिक धारित्रांत बेरियम टायटनेट हा लोहविद्युत् पदार्थ असतो आणि त्यांचे बहुतेक दोष तेथूनच येतात. सर्वांत फसवा दोष म्हणजे एकदिश दाबाखाली घटणारी धारकता. दाब लावल्यावर पदार्थातील विद्युत् द्विध्रुव एका दिशेत जखडले जातात आणि बदलत्या दाबाला प्रतिसाद देण्याची त्यांची क्षमता उरत नाही. ६.३ व्होल्टचे लहान आकाराचे २२ मायक्रोफॅरड धारित्र ५ व्होल्टवर निम्म्याहूनही कमी धारकता दाखवू शकते. धारित्रावर छापलेला किंवा खरेदीच्या यादीतील आकडा हा शून्य दाबावरचा असतो.

‘एक्स७आर’, ‘एक्स५आर’ यांसारखी वर्गनामे या बाबतीत मदत करत नाहीत, असे दिसून येते. एक्स७आर म्हणजे उणे ५५ ते १२५ अंश सेल्सिअस या पल्ल्यात धारकतेतील बदल अधिक-उणे १५ टक्क्यांच्या आत. एक्स५आरची वरची मर्यादा ८५ अंश. ही हमी केवळ तापमानाविषयी असून लावलेल्या दाबाविषयी ती काहीही सांगत नाही. एकाच वर्गाची, धारकतेची आणि निर्धारित दाबाची दोन धारित्रे आकारमान वेगळे असल्यास दाबाखाली अगदी वेगळी वागतात. साधारणपणे मोठ्या आकाराचे धारित्र धारकता अधिक टिकवते. उत्पादकाने दिलेला दाब-धारकता आलेख पाहणे हाच यावरील विश्वसनीय उपाय होय. ‘वाय५व्ही’ वर्गात तापमानामुळेच धारकता ८२ टक्क्यांपर्यंत घटण्याची मुभा असते; निर्गम धारित्र म्हणून तो वर्ग टाळणेच योग्य. ‘सी०जी’ वर्गाची धारित्रे दाब व तापमान यांना जवळजवळ दाद देत नाहीत, पण त्यांची धारकता या कामासाठी सहसा अपुरी पडते.

काळानुसारही बेरियम टायटनेटची धारकता लघुगणकी गतीने किंचित घटत जाते; पदार्थ त्याच्या क्यूरी तापमानापलीकडे, म्हणजे साधारण १२५ अंशांवर, तापवल्यास ती मूळपदावर येते. दाब लावल्यावर हा पदार्थ आकारही सूक्ष्म प्रमाणात बदलतो. रूपांतरक हलक्या भारावर श्रव्य वारंवारतेच्या झटक्यांत चालू लागला की मुद्रित मंडल ध्वनिवर्धकाच्या पडद्यासारखे कंप पावते आणि बारीक गुणगुण ऐकू येते.

सिरॅमिक ठिसूळ असते. मंडलाचा पत्रा वाकल्यास, उदाहरणार्थ मोठ्या पत्र्यातून मंडले मोडून वेगळी करताना, धारित्रात तिरकी भेग पडू शकते. भेग पडलेले धारित्र बहुधा लघुमंडलित होते. मोटारगाड्यांतील मंडलांत यासाठी लवचीक टोकांची धारित्रे वापरतात, धारित्राची लांबी वाकण्याच्या दिशेला आडवी ठेवतात किंवा दोन धारित्रे एकसर जोडतात.

टँटलम आणि पॉलिमर धारित्र

घन टँटलम धारित्रात दाबून व तापवून एकजीव केलेली टँटलमची सच्छिद्र गोळी धनाग्र असते आणि पारंपरिक प्रकारात मँगनीज डायऑक्साइड ऋणाग्राचे काम करतो. लहान आकारात मोठी आणि तापमानाला स्थिर राहणारी धारकता हा त्याचा गुण. अपारक थरात दोष निर्माण होऊन मोठा प्रवाह वाहिल्यास मात्र मँगनीज डायऑक्साइड प्राणवायू सोडतो, टँटलम त्यात जळतो आणि धारित्र अक्षरशः पेट घेते. या कारणाने अशी धारित्रे निर्धारित दाबाच्या निम्म्यापर्यंतच वापरण्याचा दंडक आहे : १२ व्होल्टच्या निर्गमासाठी किमान २५ व्होल्टचे धारित्र. टँटलमच्या खनिजाचा मोठा वाटा मध्य आफ्रिकेतील काँगोच्या संघर्षग्रस्त भागातून येतो; अमेरिकेच्या २०१० च्या डॉड-फ्रँक कायद्याने कंपन्यांवर या खनिजाच्या उगमाची माहिती देण्याचे बंधन घातले.

मँगनीज डायऑक्साइडच्या किंवा द्रवाच्या जागी विद्युत् वाहक पॉलिमर वापरल्यास ईएसआर ५ ते ३० मिलिओहमपर्यंत उतरतो आणि आगीचा धोका बराच कमी होतो. घन सेंद्रिय वाहक वापरणारी ॲल्युमिनियम धारित्रे जपानच्या सान्यो कंपनीने १९८३ मध्ये ‘ओएस-कॉन’ या नावाने बाजारात आणली. पॉलिमर धारित्रांची धारकता दाबाखाली घटत नाही, थंडीत ईएसआर फारसा बदलत नाही आणि आयुष्यही जास्त असते. किंमत आणि अधिक गळती प्रवाह या त्यांच्या मर्यादा. बॅटरीवर दीर्घकाळ निष्क्रिय राहणाऱ्या उपकरणात हा गळती प्रवाह विचारात घ्यावा लागतो.

याशिवाय शेकडो व्होल्टच्या निर्गमासाठी पॉलिप्रोपिलीनच्या पातळ पटलाची धारित्रे वापरली जातात.

नियंत्रणाची स्थिरता

निर्गम धारित्र हे रूपांतरकाच्या नियंत्रण-वलयाचा भाग असते. दाब-आधारित नियंत्रणात प्रवर्तक आणि धारित्र मिळून एका विशिष्ट वारंवारतेला दुहेरी ध्रुव निर्माण करतात. तेथून पुढे संकेताची कला झपाट्याने १८० अंशांकडे मागे पडू लागते. ईएसआर आणि धारकता यांच्या जोडीमुळे एक शून्य निर्माण होते आणि ते कला पुन्हा ९० अंशांनी पुढे आणते. एरवी दोष समजला जाणारा रोध अशा रीतीने स्थिरतेला हातभार लावतो.

४७० मायक्रोफॅरड व ५० मिलिओहमच्या ॲल्युमिनियम धारित्राचे शून्य सुमारे ६.८ किलोहर्ट्झला येते, २२० मायक्रोफॅरड व १५ मिलिओहमच्या पॉलिमर धारित्राचे ४८ किलोहर्ट्झला, तर प्रत्यक्ष २८ मायक्रोफॅरड व ३ मिलिओहमच्या सिरॅमिकचे जवळजवळ १.९ मेगाहर्ट्झला. नियंत्रण-वलयाची पट्टरुंदी ५० किलोहर्ट्झ धरल्यास पहिले शून्य पूर्ण मदत करते, दुसरे थोडी आणि तिसरे मुळीच नाही. जुन्या आराखड्यातील सुकलेले ॲल्युमिनियम धारित्र काढून ‘अधिक चांगले’ सिरॅमिक बसवल्यावर पुरवठा आंदोलित होऊ लागतो तो यामुळे. सिरॅमिकसाठी भरपाई-मंडलात अधिक रोध व धारित्रे घालून ती कला वेगळ्या मार्गाने मिळवावी लागते. प्रवाह-आधारित नियंत्रणात दुहेरी ध्रुवाचा प्रश्न बराच सौम्य होतो.

निर्गमावरील रिपल पाहूनच स्विच चालवणारे नियंत्रक याबाबत आणखी संवेदनशील असतात. त्यांना प्रवाहाशी समकल असा त्रिकोणी रिपल लागतो आणि तो ईएसआरमधूनच मिळतो. सिरॅमिक धारित्रावर तो पुरेसा नसल्याने अशा एकात्मिक मंडलांच्या माहितीपत्रकात किमान ईएसआर नमूद केलेला असतो किंवा कृत्रिम रिपल पुरवण्याची सोय दिलेली असते.

धारकता गरजेपेक्षा फार वाढवणेही निर्दोष नाही. प्रारंभी हे सर्व धारित्र भारित करावे लागते. १००० मायक्रोफॅरड १ मिलिसेकंदात ३.३ व्होल्टपर्यंत नेण्यास ३.३ अँपियर प्रवाह लागतो; भाराचा प्रवाह त्यात मिळवल्यास रूपांतरकाची प्रवाहमर्यादा ओलांडली जाऊन पुरवठा सुरूच न होण्याची शक्यता असते.

धारित्रांचे मिश्रण

वेगवेगळ्या प्रकारची धारित्रे समांतर जोडणे ही सर्वमान्य पद्धत आहे. प्रवाह त्यांच्यात धारकतेच्या प्रमाणात नव्हे, तर त्या वारंवारतेच्या संरोधानुसार विभागला जातो. ५०० किलोहर्ट्झला २२ मायक्रोफॅरड सिरॅमिकचा संरोध सुमारे १४.५ मिलिओहम असतो. शेजारी १०० मिलिओहम ईएसआरचे ४७० मायक्रोफॅरड धारित्र असले, तरी रिपल प्रवाहाचा बहुतांश भार लहान सिरॅमिकच उचलते. मोठे धारित्र मंद भारबदलांसाठी राखीव राहते आणि थंडही राहते, त्यामुळे त्याचे आयुष्य वाढते.

दोन अत्यल्प ईएसआरची धारित्रे एकत्र आल्यास एकाचे प्रवर्तन आणि दुसऱ्याची धारकता यांच्यात प्रति-अनुस्पंदन होऊन एखाद्या वारंवारतेला संरोध उलट वाढतो. मध्यम ईएसआरचे विद्युत् विच्छेद्य धारित्र हे शिखर दाबून टाकते.

वरील ३.३ व्होल्टच्या उदाहरणासाठी ४७ मायक्रोफॅरडची पाच सिरॅमिक धारित्रे घेतली आणि दाबाखाली ६० टक्के धारकता उरते असे आलेखावरून दिसले, तर एकूण १४१ मायक्रोफॅरड मिळतात आणि १२७ ची गरज थोड्या अंतराने भागते. दुसरा मार्ग म्हणजे १५ मिलिओहमचे २२० मायक्रोफॅरड पॉलिमर धारित्र आणि सोबत एक २२ मायक्रोफॅरड सिरॅमिक. त्यात ५ अँपियरच्या बदलाला पॉलिमरच्या रोधामुळे ७५ मिलिव्होल्टपर्यंतची पायरी गृहीत धरावी लागते, पण जागा कमी लागते आणि नियंत्रण-वलय स्थिर करणे सोपे जाते. पहिला पर्याय चौदा-पंधरा मायक्रोफॅरडच्या तुटीनेही अडचणीत येऊ शकेल इतका काठावर आहे; तापमान आणि वय यांची घट धरल्यास तेथे सहावे धारित्र घालणे शहाणपणाचे ठरते.

मांडणी आणि मापन

मुद्रित मंडलावरील अरुंद वाट आणि थरांना जोडणारी छिद्रे स्वतःचे प्रवर्तन घेऊन येतात. धारित्र भारापासून दूर ठेवल्यास किंवा एकाच छिद्रातून जमिनीच्या थराला जोडल्यास त्याचा मुळातला कमी ईएसएल वाया जातो. बक रूपांतरकात निर्गम धारित्राच्या तुलनेत आगम धारित्राची जागा अधिक कळीची असते, कारण तीक्ष्ण स्पंद तेथे असतात; बूस्ट रूपांतरकात हा क्रम उलटतो आणि निर्गम धारित्र स्विच व डायोड यांच्या अगदी लगत बसवावे लागते.

रिपल मोजताना ऑसिलोस्कोपच्या शोधनीची लांब भू-तार अँटेनासारखी वागून स्विचचा गोंगाट पकडते आणि प्रत्यक्षात नसलेले अणकुचीदार स्पंद पडद्यावर दिसतात. भू-तार काढून शोधनीचे टोक आणि कडे थेट धारित्राच्या दोन टोकांवर टेकवणे आणि पट्टरुंदी २० मेगाहर्ट्झवर मर्यादित करणे ही यासाठी रूढ पद्धत आहे. भारबदलाची चाचणी मात्र सर्वांत कमी आणि सर्वांत जास्त अशा दोन्ही तापमानांवर घेतली जाते, कारण ॲल्युमिनियम धारित्राची परीक्षा थंडीत होते आणि एक्स५आर सिरॅमिकची उष्णतेत.